व्हॅनेडियम, मधुमेही रॅट आणि बाटलीत उरलेले पाणी

गेल्या महिन्यात मामांचा फोन आला. त्यांना मधुमेह होऊन बारा वर्षे झाली आहेत, गोळ्या ते वेळेवर घेतात आणि मधुमेहाविषयी जे काही छापून येईल ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. "अगं, व्हॅनेडियम नावाचे एक खनिज आहे म्हणे. मधुमेही उंदरांना ते पिण्याच्या पाण्यातून दिले आणि चार आठवड्यांत त्यांची साखर निरोगी उंदरांइतकी झाली, तीही इन्सुलिन न देता! त्याच्या कॅप्सूल मिळतात. घेऊन पाहू का?" मी विचारले, "मामा, त्या उंदरांनी रोज पाणी किती प्यायले, ते लिहिले आहे का त्यात?" मामा क्षणभर थांबले आणि म्हणाले, "पाण्याचा इथे काय संबंध?"

संबंध आहे, आणि तो फोनवर मला नीट सांगता आला नाही, म्हणून हे लिहिते आहे. मामांनी वाचलेली गोष्ट खोटी नव्हती. १९८५ साली कॅनडातील व्हँकुव्हर येथील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या हेलिगर, ताहिलियानी आणि मॅकनील यांनी 'सायन्स' या नियतकालिकात हा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी मधुमेही रॅटना, म्हणजे प्रयोगशाळेतल्या मोठ्या पांढऱ्या उंदरांना, चार आठवडे सोडियम ऑर्थोव्हॅनेडेट हा व्हॅनेडियमचा क्षार मिसळलेले पाणी दिले. रक्तातले इन्सुलिन कमीच राहिले, पण रक्तशर्करा मात्र मधुमेह नसलेल्या रॅटच्या पातळीवर आली, आणि मधुमेहामुळे हृदयाचे काम मंदावते तेही या रॅटमध्ये टळले. इन्सुलिनला टोचण्यावाचून पर्याय नव्हता, कारण ते पोटात पचून जाते. तेच काम करणारा एक साधा क्षार तोंडावाटे देता येतो, या कल्पनेने त्या काळच्या औषधशास्त्रात किती उत्साह आला असेल हे मी समजू शकते. पुढची वीस वर्षे या एका धातूच्या संयुगांवर जगभर काम झाले.

खरे तर कल्पना त्याहूनही जुनी आहे. इन्सुलिनचा शोध १९२१ सालचा. त्याच्या बावीस वर्षे आधी, १८९९ मध्ये, फ्रान्समधल्या लिओने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साठ रुग्णांना सोडियम व्हॅनेडेट देऊन पाहिले होते. त्यांत मधुमेहाचे तिघे होते आणि तिघांपैकी दोघांची साखर थोडीशी उतरली. त्यानंतर हा विषय बासनात गेला तो जवळजवळ ऐंशी वर्षे. तो बाहेर आला तोही एका अडचणीतून. लुइस कँटली आणि त्यांचे सहकारी पेशीच्या पडद्यावरचा सोडियम-पोटॅशियम पंप अभ्यासत होते. स्नायूंपासून तयार केलेली एटीपीची, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूची, बाजारी भुकटी वापरली की तो पंप थांबत असे, दुसऱ्या प्रकारची भुकटी वापरली की थांबत नसे. त्या भुकटीत मिसळून आलेली अशुद्धी कोणती, हे त्यांनी चिकाटीने शोधून काढले, आणि १९७७ मध्ये उत्तर मिळाले: व्हॅनेडेट, म्हणजे ऑक्सिजनशी जोडलेले व्हॅनेडियम. एखाद्या रसायनातला मळ हाच पुढे संशोधनाचा विषय व्हावा, ही गोष्ट मला आजही फार आवडते. तीन वर्षांनी, १९८० मध्ये, इस्राएलमधल्या वाइझमन संस्थेतील शेख्टर आणि कार्लिश यांनी रॅटच्या चरबीच्या पेशींवर व्हॅनेडियम घालून पाहिले, तेव्हा त्या पेशी इन्सुलिन मिळाल्यासारख्या ग्लुकोज वापरू लागल्या. १९८५ चा प्रयोग या पायावर उभा राहिला.

हे घडते कसे, ते थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण व्हॅनेडियमची ताकद आणि त्याचा धोका दोन्ही एकाच ठिकाणी आहेत. इन्सुलिन पेशीच्या बाहेरून येऊन आपल्या ग्राहीला, म्हणजे पेशीच्या पडद्यावरच्या निरोप घेणाऱ्या प्रथिनाला, चिकटते. ग्राहीच्या आतल्या भागावर मग फॉस्फेटचे गट बसतात आणि हे फॉस्फेट बसलेले असेपर्यंतच "ग्लुकोज आत घ्या" हा निरोप पुढे जात राहतो. निरोप कायमचा चालू राहू नये म्हणून पेशीत फॉस्फेट काढून टाकणारी विकरे (एन्झाइम) असतात. त्यांना प्रोटीन टायरोसिन फॉस्फटेज म्हणतात, आणि इन्सुलिनच्या बाबतीत त्यांतले पीटीपी१बी हे विशेष महत्त्वाचे. व्हॅनेडेटची रचना फॉस्फेटसारखीच असते. विकराच्या खोबणीत फॉस्फेट जिथे बसायचे तिथे व्हॅनेडेट जाऊन बसते आणि जागा अडवते. विकर अडते, ग्राहीवरचे फॉस्फेट टिकते, आणि थोड्याशा इन्सुलिनचा निरोपही लांबवर ऐकू जातो. म्हणजे व्हॅनेडियम इन्सुलिनची जागा घेत नाही. आहे त्या इन्सुलिनचा आवाज ते विझू देत नाही. स्वयंप्रतिकारातून मधुमेह होणारी बीबी नावाची रॅटची एक जात आहे, तिच्यात स्वादुपिंडाच्या बीटा पेशी, म्हणजे इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी, जवळजवळ संपतात. या रॅटना व्हॅनेडियम दिल्यावर इन्सुलिनचा डोस कमी करता आला, पण पूर्ण बंद करता आला नाही.

आता अडचण अशी की असे फॉस्फेट काढणारे प्रथिनांचे कुटुंब मोठे आहे. माणसात त्याचे शंभराहून अधिक सदस्य आहेत, आणि ते पेशीची वाढ, प्रतिकारशक्ती, आतड्याचे अस्तर अशा सगळ्या ठिकाणी कामाला असतात. व्हॅनेडेट त्यांच्यात फारसा भेद करत नाही. शिवाय ज्या पंपामुळे ते पुन्हा प्रकाशात आले तो पंपही त्याच्या मार्गात असतोच. त्यामुळे "साखर उतरली" हे वाक्य कानावर पडले की माझा दुसरा प्रश्न तयार असतो: त्याच वेळी आणखी काय काय उतरले?

आता पाण्याकडे येते.

प्रयोगशाळेतला मधुमेह बहुतेक वेळा हाताने घडवलेला असतो. त्यासाठी सर्वांत जास्त वापरले जाणारे रसायन म्हणजे स्ट्रेप्टोझोटोसिन. मातीतल्या एका जिवाणूपासून ते प्रतिजैविक म्हणून मिळाले आणि १९६३ मध्ये लक्षात आले की ते प्राण्यांत मधुमेह निर्माण करते. त्याच्या रेणूला ग्लुकोजचा तुकडा जोडलेला असतो, त्यामुळे रॅटच्या बीटा पेशी आपल्या ग्लुकोजच्या दारातून ते आत घेतात आणि आत गेल्यावर ते त्यांच्या डीएनएचा नाश करते. सायट्रेटच्या आम्लधर्मी द्रावणात, पीएच ४.५ ला, ते ऐनवेळी विरघळवायचे, कारण ते फार लवकर निकामी होते. रॅटच्या वजनाच्या दर किलोमागे साधारण ५५ ते ६५ मिलिग्रॅम या हिशेबाने टोचायचे. आणि पहिली रात्र पाण्याऐवजी साखरेचे पाणी ठेवायचे, कारण मरणाऱ्या बीटा पेशी आपल्यातले सगळे इन्सुलिन एकदम सोडतात आणि साखर इतकी खाली जाते की रॅट सकाळपर्यंत वाचत नाही. दोनतीन दिवसांनी शेपटीच्या टोकातून रक्ताचा थेंब घेऊन पट्टीवर ठेवला की ३०० किंवा ४०० असा आकडा दिसतो. मधुमेह झाला.

पण तो रॅटकडे पाहूनही कळतो. निरोगी रॅट दिवसाला साधारण ३० मिलिलिटर पाणी पितो. स्ट्रेप्टोझोटोसिन दिलेला रॅट शंभर, दीडशे, कधी त्याहूनही जास्त पितो आणि तितकीच लघवी करतो. त्याच्या पिंजऱ्यातला भुसा रोज बदलावा लागतो, नाहीतर संध्याकाळपर्यंत तो ओला चिखल होतो. तो दुप्पट खातो आणि तरीही वाळतो. त्याचे केस विस्कटलेले, पिवळट दिसतात. आणि या तहानेने व्याकूळ प्राण्याला आपण औषध देतो ते त्याच्या पिण्याच्या पाण्यातून.

यातून काय होते ते पाहा. औषधाचा डोस संशोधक ठरवत नाही, रॅटची तहान ठरवते. जो रॅट जास्त आजारी तो जास्त पितो आणि जास्त व्हॅनेडियम घेतो. मात्र व्हॅनेडेटच्या पाण्याची चव रॅटना आवडत नाही, त्यामुळे सुरुवातीच्या दिवसांत ते पाणी टाळतात. पाणी कमी प्यायलेला रॅट अन्नही कमी खातो. त्यात जुलाब लागले तर आणखी वाळतो. आणि स्ट्रेप्टोझोटोसिन दिलेल्या, बीटा पेशींचा काही अंश अजून जिवंत असलेल्या रॅटचे अन्न कमी झाले की त्याची रक्तशर्करा औषधावाचूनही खाली येते. मग पट्टीवरचा तो सुंदर आकडा व्हॅनेडियमचा की उपासाचा?

हा प्रश्न मला पुस्तकातून पडला नाही. मी संशोधक विद्यार्थिनी होते तेव्हा एका प्रयोगशाळेत व्हॅनेडिल सल्फेट या व्हॅनेडियमच्या दुसऱ्या एका क्षाराच्या प्रयोगात सहभागी होते. व्हॅनेडिलचे द्रावण निळे असते, स्वच्छ आकाशी निळे, आणि पिंजऱ्यांच्या रांगेत त्या निळ्या बाटल्या दुरून ओळखू येत. माझे काम दर आठवड्याला रक्त घेऊन साखर मोजण्याचे होते. तिसऱ्या आठवड्यात मी वहीत १४०, १२२, १३१ असे आकडे लिहिले तेव्हा माझा हात थरथरत होता, इतका आनंद झाला होता. पहिल्या आठवड्यात याच रॅटचे आकडे साडेतीनशेच्या पुढे होते. वजनाची आणि पाण्याची नोंद प्राणिगृहातले सेवक वेगळ्या वहीत ठेवत आणि ती वही कोणी रोज पाहत नसे. प्रयोग संपल्यावर अहवालासाठी मी दोन्ही वह्या शेजारी शेजारी ठेवल्या. निळ्या बाटल्यांच्या गटातले रॅट सरासरी निरोगी रॅटपेक्षाही कमी पाणी पीत होते, रोजच्या खाद्यातला मोठा भाग जाळीतच उरत होता, आणि उपचार न मिळालेल्या मधुमेही रॅटपेक्षाही त्यांचे वजन जास्त घटले होते. दोन रॅट दुसऱ्या आठवड्यातच मेले होते. त्यांचे शेवटचे आकडे अंतिम सरासरीत नव्हते, कारण शेवटच्या दिवशी मोजायला ते नव्हतेच. आमच्याकडे तितकेच कमी अन्न मिळालेला तुलनेचा गट नव्हता, त्यामुळे त्या उतरलेल्या साखरेचे श्रेय कोणाला द्यायचे ते आम्हाला कधीच सांगता आले नाही, आणि त्या प्राण्यांना आपण कशासाठी त्रास दिला, या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर राहिले नाही. प्राणिगृहातले जे सेवककाका ती वही लिहीत, त्यांनी पहिल्याच आठवड्यात मला म्हटले होते, "ताई, निळ्या पाण्याची पोरं खात नाहीत हो." मी ते ऐकून सोडून दिले होते. ते वाक्य मी विसरलेले नाही.

जो तुलनेचा गट आमच्याकडे नव्हता, तो या क्षेत्रात वादाचे केंद्र होता. कल्पना साधी आहे: उपचाराच्या गटातल्या रॅटने आज जितके ग्रॅम खाल्ले तितकेच ग्रॅम उद्या औषध न मिळणाऱ्या मधुमेही रॅटला मोजून द्यायचे. त्याचीही साखर तितकीच उतरली तर औषधाने काही केले नाही, भूक मारली एवढेच. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशाच एका तुलनेत निष्कर्ष निघाला की स्ट्रेप्टोझोटोसिन रॅटमध्ये व्हॅनेडेटने साखर उतरते ती संपूर्णपणे खाणे कमी झाल्यामुळे. व्हॅनेडियमच्या बाजूच्या संशोधकांना हे मान्य नव्हते, आणि त्यांचेही म्हणणे पोकळ नव्हते: अन्न सारखे ठेवूनही यकृतातल्या विकरांची स्थिती सुधारलेली दिसत होती, चरबीच्या सुट्या पेशींवर तर भुकेचा प्रश्नच येत नाही, आणि काही रॅटमध्ये व्हॅनेडियम थांबवल्यानंतरही साखर बरेच दिवस ताब्यात राहिली होती. यावर पुन्हा उत्तर असे की अशा टिकाऊ सुधारणा ज्या रॅटमध्ये दिसल्या त्यांच्यात बीटा पेशी बऱ्याच वाचलेल्या होत्या, आणि स्ट्रेप्टोझोटोसिन दिलेले काही रॅट कोणत्याही उपचाराशिवायही सुधारतात. माझे मत विचाराल तर व्हॅनेडियमचा स्वतःचा परिणाम खरा आहे. तो किती मोठा आहे हे सांगणाऱ्या प्रयोगांपैकी बऱ्याच प्रयोगांत मात्र भूक आणि औषध यांची सरमिसळ झाली आहे, आणि ती सोडवायची असेल तर अन्न, पाणी व वजन हे तीन रकाने साखरेच्या रकान्याइतक्याच जबाबदारीने भरावे लागतात.

विषारीपणाचा भाग स्पेनमधल्या होसे दोमिंगो यांच्या गटाने सातत्याने मांडला. १९९१ मध्ये त्यांनी व्हॅनेडियमचे निरनिराळे क्षार मधुमेही रॅटना देऊन दाखवले की क्षार कोणताही घेतला तरी दुष्परिणाम गंभीर होते. वजन घटणे, जुलाब आणि मृत्यू तर होतेच, पण व्हॅनेडियम मूत्रपिंडात, यकृतात आणि हाडांत साठते, आणि हाडांतून ते सहजासहजी बाहेर पडत नाही. मधुमेहाचा उपचार आयुष्यभराचा असतो. त्यामुळे शरीरात साठत जाणाऱ्या धातूची काळजी चार आठवड्यांच्या प्रयोगात दिसते त्याहून कितीतरी मोठी आहे.

या अडचणीवर रसायनशास्त्रज्ञांनी शोधलेला मार्ग मला मनापासून कौतुकास्पद वाटतो. साधे क्षार आतड्यातून नीट शोषले जात नाहीत, म्हणून डोस वाढवावा लागतो आणि न शोषलेला भाग आतड्याला त्रास देतो. व्हँकुव्हरमध्येच क्रिस ऑर्विग आणि मॅकनील यांनी व्हॅनेडियमच्या अणूभोवती माल्टॉलचे दोन रेणू गुंफले. माल्टॉल हा खाद्यपदार्थांत सुवासासाठी वापरला जाणारा निरुपद्रवी पदार्थ. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेले हे संयुग बीएमओव्ही या नावाने ओळखले जाते. व्हॅनेडिल सल्फेटच्या मानाने त्यातले व्हॅनेडियम दोन ते तीनपट शोषले जाते, त्यामुळे कमी डोसात काम होते आणि रॅटना जुलाबही कमी होतात. त्याचेच भावंड असलेले एथिल माल्टॉलचे संयुग माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोहोचले. निरोगी लोकांनी ते सहन केले, टाइप २ च्या मोजक्या रुग्णांत साखरेवर थोडा परिणामही दिसला. पण पुढच्या टप्प्यात काही रुग्णांच्या मूत्रपिंडाच्या तक्रारी समोर आल्या आणि काम थांबले. ज्या अवयवात रॅटमध्ये व्हॅनेडियम साठताना दिसले होते, त्याच अवयवाने माणसात वाट अडवली.

मामांचा खरा प्रश्न माणसांविषयी होता, तेव्हा तिथले आकडेही सांगते. १९९५ मध्ये टाइप २ मधुमेहाच्या सहा रुग्णांना रोज १०० मिलिग्रॅम व्हॅनेडिल सल्फेट तीन आठवडे दिले गेले. उपाशीपोटी रक्तशर्करा सरासरी २१० च्या आसपास होती, ती १८० च्या आसपास आली. रॅटमध्ये साखर निरोगी पातळीवर आली होती. माणसात ती उतरली, पण मधुमेहातच राहिली. पोटात मुरडा, मळमळ, जुलाब या तक्रारी अशा चाचण्यांत नेहमीच्याच. २००८ मध्ये काही अभ्यासकांनी तोवरचे सगळे काम चाळून पाहिले. किमान दहा रुग्ण, किमान दोन महिने आणि तुलनेसाठी औषधरहित गोळी, एवढ्याच त्यांच्या अटी होत्या. १५१ अभ्यास सापडले. त्यांपैकी एकही या अटींत बसला नाही. शंभर वर्षांहून जुन्या असलेल्या कल्पनेची माणसांवरची परीक्षा इतकी तोकडी राहावी, याचे मला वाईट वाटते.

आणि डोस. समजा पाव किलोच्या रॅटने दर मिलिलिटरला ०.८ मिलिग्रॅम व्हॅनेडेट असलेले ५० मिलिलिटर पाणी प्यायले. म्हणजे दिवसाला ४० मिलिग्रॅम, दर किलो वजनामागे १६०. लहान प्राण्याचे चयापचय वेगवान असते म्हणून रॅटचा किलोमागचा डोस माणसासाठी साधारण सहाने भागतात. तरीही सत्तर किलोच्या माणसाला रोज जवळजवळ पावणेदोन ते दोन ग्रॅम घ्यावे लागतील. माणसांवरच्या चाचण्यांत शंभर मिलिग्रॅमलाच पोट बिघडत होते. अमेरिकेतील पोषणतज्ज्ञांच्या समितीने २००१ मध्ये प्रौढांसाठी व्हॅनेडियमची सुरक्षित कमाल मर्यादा दिवसाला १.८ मिलिग्रॅम ठरवली, आणि रोजच्या आहारातून आपण त्याच्याही शंभराव्या हिश्श्याच्या आसपासच घेतो. त्यामुळे "उंदरांवर सिद्ध झालेले" असे लिहिलेल्या कॅप्सूलची स्थिती मोठी विचित्र होते: डोस सुरक्षित असेल तर तो उंदरांचा डोस नव्हे, आणि उंदरांचा डोस असेल तर तो सुरक्षित नव्हे.

व्हॅनेडियमच्या शेजारचे धातूही याच वाटेने गेले आहेत. सोडियम टंगस्टेटने बार्सिलोनातल्या प्रयोगशाळेत १९९४ मध्ये मधुमेही रॅटच्या यकृताची साखरेची व्यवस्था पूर्ववत केली होती, आणि व्हॅनेडेटपेक्षा ते त्यांना बरेच सोसलेही. जस्ताचे नाते तर इन्सुलिनशी जन्माचेच. इन्सुलिनचे सहा रेणू जस्ताच्या दोन आयनांभोवती एकत्र येतात, आणि १९३४ मध्ये स्कॉट यांनी जस्त घालूनच इन्सुलिनचे स्फटिक हमखास मिळवण्याची रीत दाखवली. पण मला थांबायचे आहे ते क्रोमियम आणि सेलेनियमपाशी.

क्रोमियमची कथा १९५० च्या दशकात सुरू झाली. श्वार्ट्झ आणि मर्ट्झ यांना यीस्टच्या विशिष्ट आहारावर वाढवलेल्या रॅटना ग्लुकोज नीट हाताळता येत नाही असे दिसले, आणि १९५९ मध्ये त्यांनी त्याचे कारण क्रोमियमची कमतरता हे दिले. तिथून क्रोमियम "आवश्यक" मूलद्रव्य ठरले आणि गोळ्यांच्या रूपाने घरोघर पोहोचले. मात्र त्या काळी क्रोमियम इतक्या सूक्ष्म प्रमाणात अचूक मोजता येत नव्हते, आणि धातूच्या पिंजऱ्यातल्या रॅटच्या शरीरात ते पिंजऱ्यातूनही जाऊ शकते. २०११ मध्ये अलाबामा विद्यापीठातील जॉन व्हिन्सेंट यांच्या गटाने धातूचा स्पर्शही होणार नाही अशा खास पिंजऱ्यांत, शक्य तितक्या क्रोमियमविरहित शुद्ध आहारावर रॅट वाढवले. ते ठणठणीत राहिले, ग्लुकोजही नीट हाताळत राहिले. अति मोठ्या डोसांत इन्सुलिनवर काही परिणाम दिसला, पण तो औषधाचा परिणाम. कमतरता भरून निघण्याशी त्याचा संबंध नाही. बाटलीतल्या पाण्याकडे पाहायला मी शिकले तशीच पिंजऱ्याच्या सळ्यांकडेही पाहायला हवे, हे मला या प्रयोगाने शिकवले.

सेलेनियमची कथा अधिक गंभीर आहे. १९९० च्या सुमारास सेलेनेटनेही रॅटच्या चरबीच्या पेशींत आणि मधुमेही रॅटमध्ये इन्सुलिनसारखे काम केलेले दिसले. पुढे त्वचेच्या कर्करोगाला आळा बसतो का हे पाहण्यासाठी अमेरिकेत लोकांना रोज २०० मायक्रोग्रॅम सेलेनियम दिले जात होते. त्यांतल्या, सुरुवातीला मधुमेह नसलेल्या १२०२ जणांची माहिती २००७ मध्ये तपासली गेली. सरासरी पावणेआठ वर्षांत सेलेनियम घेणाऱ्यांपैकी ५८ जणांना टाइप २ मधुमेह झाला, औषधरहित गोळी घेणाऱ्यांपैकी ३९ जणांना. दोन्ही गट जवळजवळ सारख्याच संख्येचे होते. रॅटची साखर उतरवणाऱ्या मूलद्रव्याने माणसात मधुमेहाचा धोका वाढवला असावा, असे हे आकडे सांगतात.

रविवारी मामा घरी आले तेव्हा मी त्यांना हे सगळे कागदावर आकृती काढून सांगितले. ते शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी खिशातून ते कात्रण काढले आणि पुन्हा एकदा वाचले. "वजनाचे इथे काहीच नाही गं," ते म्हणाले. "पाण्याचेही नाही. आणि किती उंदीर शेवटपर्यंत जगले, तेही नाही." कॅप्सूल त्यांनी घेतल्या नाहीत. चालू असलेल्या गोळ्यांत डॉक्टरांना विचारल्यावाचून काहीही बदल करणार नाही, असे मी त्यांच्याकडून वदवून घेतले, कारण मूत्रपिंडावर आधीच बारा वर्षांच्या मधुमेहाचा भार असलेल्या माणसाने तिथेच साठणारा धातू आपणहून घेणे मला सर्वांत जास्त भीतीचे वाटत होते.

निघताना त्यांनी विचारले, "मग आता त्या व्हॅनेडियमचे कोणी काहीच करत नाही का?" करतात, मामा. प्रथिनांचा अभ्यास करणाऱ्या जवळजवळ प्रत्येक प्रयोगशाळेच्या शीतकपाटात सोडियम ऑर्थोव्हॅनेडेटच्या छोट्या कुप्या असतात. द्रावण पीएच १० ला आणायचे, पिवळे पडले तर रंग जाईपर्यंत उकळायचे, थंड झाल्यावर पीएच पुन्हा पाहायचा, आणि ते पाण्यासारखे नितळ राहीपर्यंत हे करत राहायचे. मग पेशी फोडताना त्यातले थोडेसे घालतात, म्हणजे प्रथिनांवरचे फॉस्फेट मोजून होईपर्यंत जागचे हलत नाहीत.